एफुआची ओटी

हॅम्बर्ग, २४ ऑगस्ट २०२५

ती. सुनेत्राताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातानंच लिहून फोटो पाठवतोय. टाईप केलेल्या मजकुराला माणसाचा आवाज नसतो, आणि आवाजातलं मला कळतं. कुठल्या शाळेत न जाता शिकलोय.

तुझ्या तनयाचे तिन्ही लघुपट सोबत आहेत. ध्वनी माझा. तिन्हींत इथल्या कृष्णवर्णीय बायका, बायकांवर प्रेम करणाऱ्या. पहिल्यात बंदरातली फेरीबोट चालवणारी (इंजिनाचा आवाज त्याच बोटीचा आहे, दुसरीकडून उचललेला नाही), दुसऱ्यात वेण्या घालून देणारी. तिसऱ्यात एफुआ, जिला तू ‘तनयाची रूममेट’ म्हणून ओळखतेस. जन्म इथलाच, आईवडील घानाचे. ती रूममेट नव्हे, ताई. तुझी सून आहे. काळीच कशाला, आणि बाईच कशाला, असं विचारशील. आपण दोघं कुठले गोरे? दुसऱ्याचं उत्तर लघुपटात आहे.

ती फार आजारी आहे. कॅन्सर यकृतात गेलाय. नव्या सुनेची ओटी भरतात, हे तनयानं तिला सांगितलंय. तेव्हापासून मला विचारते, ओंकल, म्हणजे मामा, माझी कधी भरणार?

लोभ आहेच, थोडा तिकडेही वळव.
तुझा
वासू

सांगली, ६ सप्टेंबर

चि. वासुदेवास अनेक आशीर्वाद.

आठ दिवस तुझ्याशी बोलावंसंच वाटलं नाही. मामा म्हणवतोस आणि इतकी वर्षं गप्प बसलास! हे म्हणाले, असलं काही बघायचं नाही. मग स्वयंपाकघरात एकटीनं फोनवर बघितलं. एफुआ तेल लावताना तनया मान मागे टाकते ना, तशी ती माझ्या पुढ्यात टाकायची. वळून पाहिलं तर हे दारात उभे. आवाज वाढव, एवढंच म्हणाले.

हिरवी इरकल घेतलीय. खण, हळकुंडं, तांदूळ बांधून ठेवलेत. नारळ तू तिथे घे. पण परवापासून पितृपक्ष. शुभाची वस्तू त्या पंधरवड्यात घराबाहेर काढू नये. घटस्थापनेला पाठवते. तिला सांग, सासू पंचांग बघणारी मिळालीय, दम धर.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई

हॅम्बर्ग, १८ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

एफुआ काल दुपारी गेली.

तुझं पत्र मी तिला जर्मनमध्ये वाचून दाखवलं होतं. पंचांगाशी आल्यावर हसली. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाली, माझी आईही अशीच. मग रोज विचारायची, पंधरवडा संपला का. इथल्या दुकानातून एखादी साडी आणतो म्हटलं, तर नको म्हणाली. तनयाच्या आईचीच हवी.

लघुपटात तिच्या हसण्यामागे फ्रिजची घरघर आहे. ती काढायची म्हणून मी महिनाभर तनयाच्या मागे होतो. आज ती म्हणाली, मामा, हात लावू नकोस, त्या घरघरीसकट ती घरात असते.

एफुआचे नातेवाईक घानाहून यायचेत. अंत्यविधी ११ ऑक्टोबरला, तोवर तिला शवागारात ठेवलंय. साडी आता पाठवू नकोस, असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही.
वासू

सांगली, २२ सप्टेंबर, घटस्थापना

चि. वासुदेवास आशीर्वाद.

पार्सल आज सकाळी पाठवलं. अकरा तारखेच्या आत पोचेल. सवाष्ण गेली तरी तिची ओटी भरूनच निरोप देतात आपल्यात. एफुआच्या आईला विचार, आणि त्या हो म्हणाल्या तर तनयाच्या हातानं भर. नारळ चांगला बघून घे, तू बघशीलच.

मी पंचांग बघत बसले. ते माझं मला पुरेल.

जोडीदाराच्या आधी गेलेल्या सवाष्णीचं पान अविधवा नवमीला मांडतात. यंदाची नवमी ती जायच्या आधीच होऊन गेली. पुढच्या पितृपक्षात एक पान एफुआचं. गुरुजींनी विचारलं कोण, तर आमची सून, असं हे स्वतः सांगणार आहेत.

तनयाला म्हणावं, त्या दिवशी घरी ये. पानात काय वाढायचं? तिला काय आवडायचं, ते मला ठाऊक नाही.

तुझी
ताई