वहिनीले विहिरीवर नेऊ नको

दादा,

‘आत्या, पाह्य!’ विहिरीत पडण्याआधी आपला दिगू हेच ओरडला होता. त्या दिवसापासून वहिनी बोलत नाही, हे खरं. पण टॉकीजमधली वेडी बाई दुसऱ्या धक्क्यानं शहाणी झाली, म्हणून तू वहिनीले पुन्हा त्याच काठावर उभी करणार? वकील ना रे तू! सिनेमा काहून पुरावा झाला? ती बाई खेळ संपल्यावर घरी जाऊन जेवली असेल.

वहिनीले घेऊन मी तिच्या माहेरी, मूर्तिजापूरले जाते. मागे येऊ नको. भाकरी टोपलीत झाकली आहे.

तिले तुम्ही वेडी म्हणता, मले शहाणी. दादा, दिगूजवळ त्या दिवशी मीच होते. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. ती हाक मले अजून रोज ऐकू येते.

कुंदा