शेजाऱ्याचा आवाज

४ ऑगस्ट, सकाळ

घड्याळ या वस्तूवरचा माझा विश्वास आज उडाला. रीतसर नोंद करून ठेवतो. नवं कोरं गजराचं घड्याळ, आणि पहिल्याच दिवशी मौनव्रत! परिणामी नाश्ता नाही, दाढी अर्धी. बायको म्हणते, गजर झाला, चांगला कोकलत होता. ती आंघोळीला गेलेली, तर गजर थांबेना म्हणून शेजारच्या बाईंनी येऊन दार वाजवलं. दारही मला ऐकू आलं नाही म्हणे. बायको हल्ली निर्जीव वस्तूंची बाजू घेते.

संकल्प: घड्याळ बदलून आणणे.

तोच दिवस, दुपार

पन्नाशीत विद्यार्थी झालो. संपादकांचं फर्मान आहे: ज्या बातमीदारांकडे पत्रकारितेची पदवी नाही त्यांनी ती घ्यावी. संस्कृतची चालणार नाही. (आजवर चालली ती कशी, हे विचारायचं राहिलं.) युनिव्हर्सिटीत एक ऐच्छिक विषय सक्तीचा असतो. ऐच्छिक आणि सक्तीचा. व्याकरणाने इथे हात टेकले. फोटोग्राफीचा वर्ग भरलेला, पोहण्याच्या पोशाखात मी दिसावं अशी कुणाचीच इच्छा नाही. उरलं कॉयर, म्हणजे समूहगायन. नियतीने माझ्यासाठीच राखून ठेवलेलं. लहानपणी पाठांतराच्या वेळी गुरुजी मला पार मागे बसवत. आवाज तिथूनही पुरतो म्हणून.

११ ऑगस्ट

तालीम तळघरातल्या हॉलमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ट्यूबलाइट लुकलुकणारी. मला शेवटच्या रांगेत खर्जाच्या आवाजांत उभं केलं. मागून आधार हवा असतो. शेजारी मेकॅनिकलचा एक धिप्पाड मुलगा. सगळे त्याला पिंप म्हणतात, तो मला काका म्हणतो.

शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत, पण शिस्तीच्या. त्यांचा एकच नियम: शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त मोठ्याने गाताय, आवाज कमी करा. नियम नवख्यांसाठी असावा.

पिंपाचा आवाज मला मुळीच ऐकू आला नाही. एवढं धूड, आणि गळा चिलटाचा. बाईसुद्धा पुटपुटतात. या पिढीला झालंय काय? कुणी पोटातून बोलतच नाही.

संकल्प: पिंपाला उच्चारशास्त्र शिकवणे.

२५ ऑगस्ट

गाताना बाईंनी माझ्याकडे बघून तळहात खाली केला. बसा म्हणत असाव्यात, वयाचा मान. बसलो. बसल्या बसल्या गात राहिलो. बाईंनी पुन्हा तळहात खाली केला. याहून खाली कुठे बसणार?

पुढच्या रांगेतल्या दोन मुली हसत हसत खुर्च्यांवर कोसळल्या. शिस्त नाही.

८ सप्टेंबर

पाणीपुरवठा खात्याची पत्रकार परिषद. हल्ली मी पुढेच बसतो. माइक लोक शोभेला ठेवतात. अधिकाऱ्याचे निम्मे मुद्दे प्रतिस्पर्धी पेपरच्या बातमीदारीणबाईंच्या वहीतून घेतले. व्यावसायिक सहकार्य. बाई म्हणाल्या, अहो, तिसरी वेळ आहे ही, आता बातमीखाली माझं नाव तरी टाका.

रात्री जेवताना बायकोने काढलं, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. म्हटलं, कान? अगं, माझी सगळी विद्या कानांवाटे आलेली आहे! म्हणाली, आली होती, मान्य. आता येतेय का तेवढं बघू.

तालमीमुळे जमणार नाही असं कळवलं.

२९ सप्टेंबर

बाईंनी तालमीनंतर थांबवून घेतलं. फार अदबीने म्हणाल्या, सर, कार्यक्रमात तुम्ही नुसते ओठ हलवा, फार सुंदर हलतात तुमचे. हजेरीचे मार्क मी देईन, पास व्हाल.

अर्थ उघड आहे. मला राखीव ठेवलंय. ब्रह्मास्त्र कुणी रोज सोडत नाही.

संकल्प: समूहावर संकट आलं तरच गाणे.

२० ऑक्टोबर, संध्याकाळ

संकट आलं.

सभागृह भरलेलं. बायको तिसऱ्या रांगेत. पहिली कडवी मी ओठांवर काढली. शेवटच्या कडव्याला सगळ्यांचा धीर सुटला. तोंडं उघडी, आवाज शून्य! बाई बोटांच्या टोकांनी काहीतरी विनवत होत्या. पिंपही गप्प. एवढ्या लोकांसमोर युनिव्हर्सिटीची अब्रू चाललेली. मग मी उडी घेतली. सगळा सोडला आवाज, राखीव-बिखीव सगळा.

बाईंचे हात हवेतच राहिले. टाळ्या झाल्या असाव्यात, हात हलताना दिसले. बायको सर्वांआधी उठून उभी राहिली. नंतर लक्षात आलं, दाराकडे निघाली होती.

विंगेत पिंपाने माझे दोन्ही खांदे धरले. पार तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, काका, आम्ही गात होतो. ते कडवं तसंच आहे, अगदी हळू. दोन महिने तेवढंच तर घोटतोय.

पोरगं थापा मारतं.

२१ ऑक्टोबर

हॉलवर गेलो. खुर्च्या रचायच्या होत्या. बाई दिसल्या. नुसते ओठ हलवा म्हटलेलं मोडलं, त्याची माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून नेलं होतं, समासांसकट. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलल्या, हसल्या. मीही हसलो. काय बोलल्या ते कळलं नाही.

पिंपाला म्हटलं, कालचं शेवटचं कडवं म्हणू या दोघं. तो कानाशी येऊन म्हणाला, चला काका. नेहमीसारखे शेजारी उभे राहिलो. बाईंचा नियम आज पहिल्यांदा पाळला. पिंप ऐकू येईना म्हणून आवाज कमी केला. तरी येईना. आणखी कमी केला. पुटपुटलो. शेवटी तोंडच मिटलं.

पिंपाचा गळा फुगत होता, छाती वर-खाली होत होती, ओठ सुंदर हलत होते. दूर पुढे बाईंनी खुर्ची हातात तशीच धरून मान डोलावली. म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचत होतं.

मी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, डॉक्टरांची वेळ पुन्हा घे. तिने एकही टोमणा मारला नाही. त्यानेच जास्त घाबरलो.

मला ऐकू येत नाही. परवा पत्रकार परिषद आहे, आणि मला दुसरं कुठलंही काम येत नाही.