डिझेल, इंजिन आणि बर्फ

प्रिय दादूस,

फोन उचलत नाहीस, म्हणून उर्मिलावहिनीच्या हाती हे पत्र देतेय. भाईंदर पूर्वेहून पालीला यायला मला फार वेळ लागत नाही. पण दारात उभी राहिले तर तू न बोलता जेवणाचं ताट पुढे करशील आणि मला काहीच सांगता येणार नाही.

आपल्या शेजारच्या जितेशच्या मुलीच्या बारशाला कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं, सुचेताच्या ऑफिसातून मच्छीमारांची डिझेलची सवलत काढायला सरकारला सांगणारेत. तू चिडला नाहीस. एवढंच विचारलंस, "सुचे, तुझ्या कागदात आमची होडी हाय का न्हाय?" मी शहाण्यासारखं सांगितलं, की हिशोब एका होडीचा नसतो, सगळ्या किनाऱ्याचा असतो. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी लहान होड्या आणि मोठे ट्रॉलर वेगळे काढून तो हिशोब पुन्हा मांडला. होड्यांचा धूर कमी करायचा तर सवलत काढून डिझेल महाग करणं सगळ्यांत सोपं, असं आमचं गणित म्हणत होतं. पण नुसतं तेवढंच केलं तर ट्रॉलरवाल्यांना परवडतं, ते चालूच राहतात आणि तुझ्यासारख्यांच्या होड्या किनाऱ्यावर पडून राहतात. मग नुसतं नव्या इंजिनाला अनुदान देऊन पाहिलं. तिथे जितेशच आठवला. सरकारी मदतीने त्याने इंजिन बदललं, डिझेल कमी लागायला लागलं, म्हणून तो आणखी लांब जायला लागला. वर्षअखेरीला डिझेल जळलं पहिल्याइतकंच. नुसतं बंदरावर सौर विजेवरचं शीतगृह दिलं, तर मासळी टिकते, पडत्या भावात विकून लगेच पुन्हा जावं लागत नाही, फेऱ्या घटतात. पण जुनं इंजिन धूर सोडतच राहतं. तिन्ही एकत्र धरली, आधी इंजिन आणि शीतगृह, मग सवलत हळूहळू कमी, आणि वाचलेला पैसा पुन्हा बंदरावरच, तेव्हा कुठे धूरही सगळ्यांत कमी झाला आणि घरांवरचा भारही. तुला आधीच विचारलं असतं तर किती दिवस वाचले असते.

आमचा हिशोब ज्या सरकारी समितीकडे जातो, तिला तिन्ही पटली. पण सहीला कागद आला त्यात सवलत यंदाच जाणार होती आणि बाकीची दोन 'यथावकाश'. मी म्हणाले, "तिन्ही एकत्र नसतील तर माझं नाव काढा." समितीचे प्रमुख दत्ताराम सर रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, आकडे आम्ही वाचले, आता समुद्रावर जाणाऱ्या माणसाकडून ऐकू. येत्या मंगळवारी अर्धा तास दिलाय.

दादूस, एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. नुसती सवलत काढा म्हणणारा तो पहिला कागद मीच लिहिला होता. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर 'न्हाय' असंच होतं, आणि ते मला माहीत होतं. माझं चुकलं. मंगळवारी माझ्याबरोबर चल, हे सांगायलाच लिहायला बसले. नाही आलास तरी आता सहीला आलेल्या कागदावर मी सही करणार नाही. आलास तर साहेबी मराठी शोधत बसू नकोस, घरात बोलतोस तसंच बोल. त्यांना कळणार नाही तिथे मी असेन शेजारी.

तुझीच,
सुचू