सुगंधाचं जावळ

गोंडपिपरी,
एप्रिल १९५४

प्रिय लच्छू,

तुझं पत्र पोचलं. माणूस म्हातारा का होतो हे शोधायला देशोदेशीचे विद्वान विलायतेत जमणार, आणि त्यांच्यापुढे माझा शेंबडा भाऊ बोलणार, हे वाचून आधी हसूच आलं. आपल्या घरच्या शेळीचं वय तुला कधी धड सांगता आलं नाही! मग पुढचं वाचलं आणि चुलीजवळच बसून राहिले. सुगंधाचा फोटो पाठव, हात मोकळे दिसतील असा, परिषदेत दाखवायचा आहे, असं तू लिहिलंस. आणि त्याच्याखाली, या आजारावर औषध नाही, अशी लेकरं फार जगत नाहीत. स्पष्ट लिहिलंस ते बरं केलंस. इथला वैद्य अजून मुळ्या उगाळून देतो आणि मी अजून त्या पाजते.

माझी पोर तू पाहिलीस तेव्हा पाळण्यात होती. आता आठ वर्षांची आहे. डोक्यावर केस नाही, कातडी हाडांना चिकटलेली, कपाळावर निळ्या शिरा. उंची तीन वर्षांच्या पोरीएवढी आणि उठते गुडघ्यांवर हात टेकून. भुलाबाईची गाणी सगळी पाठ आहेत, पण पोरी तिला खेळायला बोलावत नाहीत.

त्याला कारण आहे. सासूबाई गेल्या त्याच साली ही झाली, म्हणून यांनी आपल्या आईचंच नाव ठेवलं. पोरीचं तोंड सुरकुतलं तसं गाव म्हणू लागलं, सुगंधाबाईच परत आली. बाया पाया पडायला येऊ लागल्या. चेटकीण म्हणून दगड मारण्यापेक्षा हे बरं, असं वाटून मी गप्प बसले. आता हे स्वतःच वावरात जाण्याआधी तिच्या पायांवर डोकं ठेवतात. परवा विचारत होते, "माय, तुह्या शेवटी मी जवळ नव्हतो. राग तं नाई ना?" ती भाकर खात होती. म्हणाली, "नाई गा, सुखी राह्य." मी हातातलं भांडं आपटलं. ते वाईट नाहीत रे, आईवेडे आहेत. पण आईला कोणी खांद्यावर बसवून बाजारात नेतं का? माझ्या पोरीच्या पाया सगळे पडतात, तिला उचलून कोणी घेत नाही.

फोटोसाठी तिला चांद्याला नेलं. बाबूभाई फोटोवाल्याने खुर्ची मांडली आणि म्हणाला, "बसा आजी, इथी बसा." मला वाटलं ही रुसेल, रडेल. ती मुकाट्याने बसली, पदर घेतल्यासारखा हात डोक्यावरून फिरवला आणि त्यालाच म्हणाली, "सुखी राह्य." मी त्याला वय सांगितलं तेव्हा बिचारा खजील झाला. त्याने लाकडी घोडा आणून दिला. तो तिने असा घट्ट धरला की सुटेना. म्हणून तुला हवा तसा हात सोडलेला फोटो नाही, घोड्यासकट आहे. विद्वानांना चालत नसेल तर नसो.

मला फार भीती वाटते, लच्छू. ती जाईल याची तर वाटतेच. पण एक दिवसही पोर म्हणून न जगता, म्हातारी म्हणूनच जाईल, या विचाराने मला वेड लागायची पाळी आली आहे. हल्ली तिलाही तेच खरं वाटतं. काल मला म्हणाली, "सूनबाई, पाणी दे."

म्हणून हे पत्र. तिचं जावळ राहिलंय. मामाच्या मांडीशिवाय करायचं नाही म्हणून आम्ही थांबलो, तू परीक्षेत अडकलास आणि तेवढ्यात केस आपोआप गळून गेले. तुला दोष देत नाही. पण बोटीवर चढण्याआधी एकदा ये. चांद्याला गाडीतून उतर, हे बैलबंडी घेऊन येतील. अंगणात पाट मांडते, सुकलू न्हाव्याला बोलावते, सगळ्या गावाला बोलावते. त्यांच्यादेखत तिला मांडीवर घे. जावळ लेकराचंच करतात, म्हातारीचं नाही, एवढं आमच्या गावालाही कळतं. यांनाही कळेल. सुकलू विचारेल, केस कुठी आहेत बाई? त्याला म्हणेन, वस्तरा नुसता फिरव. केसांचं माझं मी पाहीन. तू मांडी घेऊन ये.

तुझीच,
रुखमाबाई