चंची शोधू नका

अहो,

चंचीसाठी घर उलथंपालथं करू नका. डॉक्टरासमोर तंबाखू सोडली म्हणालात अन् ज्वारीच्या पोत्यामागं लपवलीत! काल तुम्ही बाजाराला गेल्यावर मी ती रिकामी केली, धुतली अन् तिचा शिवणाचा बटवा केला. तंबाखूच्या कप्प्यात बटणं हायत, सुपारीच्या कप्प्यात दोरे अन् चुन्याच्या डबीत सुया. अडकित्त्याच्या जागी लहानी कातर अशी बसली, जशी काय तिच्यासाठीच शिवली होती.

धुतली तरी वास जाईना. त्या वासानं मी कुठल्या कुठं गेले. नव्या नवरीला माहूरचा डोंगर चढताना धाप लागली, तर तुम्ही ह्याच चंचीतून लवंग काढून दिली अन् आत्याबाई बघतील म्हणून तोंड फिरवून उभे राहिलात. सगळं ऊन लवंगेच्या वासाचं झालं होतं.

समीक्षाला घेऊन मी नांदेडच्या दवाखान्यात चालले. डॉक्टरानं तुमच्या गालातला तुकडा तपासायला काढला होता, त्याचा कागद आला असंल. तुम्ही काही यायचे न्हाईत, म्हणून उठवलं न्हाई. कालवण बिनतिखटाचं हाय.

बटवा पोत्यामागंच ठेवलाय. हात तिकडं जाईलच. गेला की सुई काढा. पांढऱ्या शर्टाचं बटण लोंबून राहिलं, ते मी येईस्तोवर लावा. कागदावर काही का निघंना, तोच शर्ट घालून माहूरला जायचंय.

आतल्या कप्प्यात एक लवंग ठेवलीय. ती खाऊ नका. पायऱ्यांवर मला धाप लागंल, तेव्हा द्या.

समीक्षाची आई