शब्द त्यांचे, क्रम माझा

३ मार्च, सोमवार

फ्रिज बंद करायला विसरले आणि सकाळची सगळी मेहनत पाण्यात! प्रत्येक वाक्यामागे घूं-घूं. माझ्या कानांना ते कळलं नव्हतं. संगणकावर लावल्यावर बरोबर कळलं. पुन्हा पहिल्यापासून बोला म्हटलं, तर हे म्हणाले, "फ्रिजलाच सांग की. तो बोलेल माझ्याऐवजी."

पुढच्या शुक्रवारी ह्या माणसाचं स्वरयंत्र काढणार आहेत आणि ह्याला विनोद सुचतात.

दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्टनं सगळं समजावून सांगितलं. पोरगीच आहे, पण मुद्द्याचं बोलते. ऑपरेशननंतर आवाज येणार नाही. म्हणून आहे त्या आवाजात रोजची वाक्यं आत्ताच रेकॉर्ड करून ठेवायची. मग एकेक वाक्य वेगळं कापायचं, पुढची-मागची शांतता काढायची, त्याला नाव द्यायचं. ती सगळी नंतर फोनमध्ये भरायची. ह्यांनी बोटानं वाक्य दाबलं की फोन ह्यांच्याच आवाजात बोलेल. "नाहीतर यंत्राचा आवाजही मिळतो, काकू. पण तो घरात नकोच वाटतो लोकांना." मी म्हटलं, नको.

तेव्हा बोलणं ह्यांचं, आणि माझ्या फोनवर घेणं, संगणकावर चढवणं, कापणं माझं. ऑफिसात संगणक आले तेव्हा पुरुष मंडळी टेबलाखाली दडत होती. मी शिकले होते. हेही शिकेन.

फ्रिजमधलं दूध नासलं.

४ मार्च, मंगळवार

मागची खोली आता स्टुडिओ. खिडकीवर जाड रजई, दाराला उभी गादी, पंखा बंद. आत दोन म्हातारी माणसं घामाघूम. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोकं पाडतंय. एकदा जाऊन सांगून आले. थांबले. मी जिना उतरेपर्यंत पुन्हा सुरू!

वाक्यांवरून भांडण. मी नीट विचार करून यादी केली होती. पहिलंच वाक्य — मला पाणी हवं आहे. ह्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"हे कोण बोलतं?"

"तुम्ही."

"मी जन्मात असं बोललो नाही. पाणी दे गं, असं बोलतो मी."

"आणि नर्सकडे मागायचं असलं तर? तिलाही दे गं म्हणणार?"

चष्मा परत लावला. मग म्हणाले, "दोन्ही घे. एक घरचं, एक बाहेरचं."

असं करत प्रत्येक वाक्य दोनदा. सगळा जन्म लोकांना मोटार शिकवण्यात गेला, त्यामुळे ह्या माणसाला साधं वाक्य म्हणून येत नाही. एक तर हुकूम, नाहीतर टोमणा. मधेच स्वतःहून एक बोलून मोकळे झाले — "क्लच हळू सोडा... हळू म्हटलं ना!"

"हे कुणाला ऐकवणार आता?" मी विचारलं.

"तुला. तू बोलायला लागलीस की दाबायचं."

रेकॉर्ड झालंय. पुसणार होते. राहू दे.

६ मार्च, गुरुवार

खांदा भरून आलाय. डोळ्यांपुढे दिवसभर त्या हिरव्या रेघा. आवाज पडद्यावर डोंगरासारखा दिसतो. मोठ्यानं बोललं की उंच, गप्प बसलं की सपाट मैदान. मैदान पकडायचं, कापायचं. पुढचं मैदान पकडायचं, कापायचं. मधे बारीक टेकडी दिसते ती खाकरण्याची, तीही कापायची. धाप कापायची. "हं" कापायचं. ह्यांच्या बोलण्यात "हं" किती आहे! इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुपारी थोडी वाक्यं त्या थेरपिस्ट मुलीला पाठवली. तिचा लगेच फोन. "काकू, इतकं साफ करू नका हो. काका बातम्या दिल्यासारखे वाटतायत."

"मग गचाळ ठेवू?"

"गचाळ नाही... घरगुती ठेवा."

घरगुती म्हणे! शिवाय मी मागचा आवाज घालवायचं बटण जास्त फिरवलंय, म्हणून हे पिंपात बसून बोलल्यासारखे ऐकू येतात, असंही म्हणाली. ते मात्र खरं आहे. पुन्हा सगळं.

स्वयंपाक ह्यांनी केला. डाळ करपली. तशीच खाल्ली.

७ मार्च, शुक्रवार

घसा पार बसला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस गप्प बसू द्या. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार

आज आवाज थोडा परत आला. सकाळी पेपर आणायला खाली गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. घसा असा, ऑपरेशन तोंडावर, आणि हे जिन्यात रेंगाळतायत! आले तेव्हा चेहरा मात्र टवटवीत. म्हटलं, बरा मूड आहे, तर आज तो विषय काढू.

आमच्या मुलीचा विषय.

तीन वर्षं झाली. आमच्याच ऑफिसातली कायमची नोकरी, मी शब्द टाकून लावलेली. एम. ए. झालेली मुलगी एका सकाळी राजीनामा देऊन आली आणि म्हणाली, मी बस चालवणार. लांब पल्ल्याची. परवाना आधीच काढलेला! मी बोलले ते बोलले. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे; मी बोलते आणि मोकळी होते. ह्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असंही बोलून गेले असेन. रागात माणूस बोलतो. पण हे! एक अक्षर नाही. उठले, खाली गेले आणि गाडी धूत बसले. ज्यांनी पोरीच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग दिलं त्यांनीच असा राग धरावा! त्या दिवसापासून तिचं नाव ह्यांच्या तोंडून ऐकलं नाही. बाप असा दगड झाल्यावर मी कोणत्या तोंडानं तिला फोन करायचा? तिला ह्यांच्या आजाराचं तरी कुठे ठाऊक असणार.

मी काही तिला बोलावणं पाठवणार नाही. पण शुक्रवारनंतर बापाचा आवाज उरणार नाही. त्याआधी तिच्या कानांवर एक वाक्य पडायला हवं, एवढंच.

रजई लावली, पंखा बंद केला, बटण दाबलं आणि म्हटलं, "आता एक वाक्य तिच्यासाठी."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "नाव घेऊ?"

काय प्रश्न! "मग काय बिननावाचं बोलणार?"

हसले. घसा दुखत असणार, हसताना गळ्याला हात लावला. "तिच्यासाठी वेगळं काही लागत नाही," म्हणाले आणि उठून गेले.

लागत नाही! पोटची पोर, आणि लागत नाही.

बटण चालूच होतं. नंतर ऐकलं. उठल्यावर खुर्ची करकरली, दार उघडलं, आणि मग बराच वेळ माझ्याच बांगड्यांचा आवाज. पुसून टाकलं.

११ मार्च, मंगळवार

यादी संपली. शेवटी शेवटी आवाज कागदावर कागद घासल्यासारखा येत होता. "दुखतंय", "जरा वर करा", "घरी केव्हा सोडणार?", "लिफ्टची वाट बघतोय". समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलासाठी "बाळ, दार लाव" हेही ह्यांनी आग्रहानं घेतलं. तो कधीच लावत नाही. "ये, आत ये", "बस", "चहा घेणार?" अशी सगळी माणसांची सोय झाली.

पुन्हा विचारलं, तिच्यासाठी? मान हलवली. नाही.

"तुम्ही इतके कठोर असाल असं वाटलं नव्हतं," मी म्हटलं.

ह्यावर फक्त "हं." तेसुद्धा रेकॉर्ड झालं नाही.

थकले आहे. माणसाशी भांडताना निदान तो उलट बोलेल अशी सवय असते. शुक्रवारनंतर कुणाशी भांडायचं?

१२ मार्च, बुधवार

केलं.

हे दवाखान्यात तपासण्यांना गेले होते, धाकटे दीर सोबत होते. मी घरी बसून संगणक उघडला. "बाळ, दार लाव" मधला बाळ घेतला. "घरी केव्हा सोडणार" मधलं घरी. "आत ये" मधलं ये. लिफ्टची वाट बघत होते, ती वाट तिच्याकडे वळवली. एकापुढे एक मांडलं — बाळ, घरी ये. वाट बघतोय.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं. बाळ ओरडून, घरी रडवेलं, ये खणखणीत. चार जणांनी मिळून बोलावल्यासारखं. मग एकाचा आवाज खाली आणला, दुसऱ्याचा वर. मधे थोडी शांतता घातली. ही शांतता कुठून आणायची, कोरी चालत नाही, कानांना खटकते. खऱ्या खोलीतलीच लागते. ह्यांच्याच दोन वाक्यांमधली घेतली. दुपार गेली त्यात. शेवटी जमलं. डोळे मिटून ऐकलं तर हेच बोलतायत. थकलेले आहेत, पण हेच.

ह्याला खोटं म्हणत नाहीत. शब्द त्यांचे आहेत, क्रम माझा. ऑफिसात साहेबांची पत्रं मी आयुष्यभर अशीच केली. सही त्यांचीच असे.

माझ्या फोनवरून पाठवलं तर तिला संशय येईल. परवा ह्यांना आत नेलं की ह्यांच्याच फोनवरून पाठवीन. तो माझ्याकडेच राहणार. त्याला कुलूप नाही. इतक्या वर्षांत मी तो कधी उघडला नाही, दुसऱ्याचं टपाल मी वाचत नाही. पण हे पाठवायचं काम आहे, वाचायचं नाही.

१३ मार्च, गुरुवार

दाखल झालो. खोली स्वच्छ, पण पडद्याची एक कडी तुटलेली. नर्सला सांगितलं. ती म्हणाली, सांगते. मला माहीत आहे कशी सांगते.

थेरपिस्ट येऊन सगळी वाक्यं फोनमध्ये भरून गेली. वेगळा जुना फोन दिलाय त्यासाठी. ह्यांनी लगेच दाबून बघितलं — "पाणी दे गं." मी उठून पाणी दिलं! ती थेरपिस्ट पोरगी तोंडावर हात धरून हसली. हेही हसले. मी नाही हसले. मी उठलेच कशी, हे मला कळेना. माणूस समोर ओठ मिटून बसलेला आणि मी उठले.

संध्याकाळी आम्ही दोघंच. ह्यांचा हात हातात घेण्याची आमची पद्धत नाही, म्हणून मी चादरीच्या घड्या सारख्या करत होते. उद्या ह्या वेळेला ह्या खोलीत एकच आवाज असेल, माझा. मी म्हटलं, "अजून काही बोलायचं राहिलंय का? बघा, वेळ आहे."

"माझं नाही," म्हणाले. "तुझं?"

मी म्हटलं, माझं कशाला राहील, मी काय गप्प बसणारी आहे.

"तेच म्हणतो," म्हणाले.

१४ मार्च, शुक्रवार

ऑपरेशन झालं. नीट झालं, म्हणाले. हे अजून गुंगीत आहेत.

बाहेर बाकावर बसून ह्यांचा फोन उघडला. तिचं नाव सापडेना. नंबर पाठ आहे, तो टाकला. 'ड्रायव्हरसाहेब' असं उघडलं. खाली व्हॉइस नोट्स. ह्यांची, तिची, ह्यांची, तिची. वर सरकवत गेले, संपेनातच. रोजच्या. राजीनाम्याच्या आठवड्यापासूनच्या.

शेवटची आज सकाळची. तेवढीच ऐकली.

"चला साहेब, आत नेतायत. रडायचं नाही, गाडी चालवायचीय तुला. घरात तुझं नाव घ्यायचं नाही हा आईचा हुकूम मी पाळला हं, जिन्यात मात्र घेत आलो. आता तेही बंद. आता आईच बोलेल. ओठांवर आलंय तिच्या, मी बघतोय. तिनं बोलावल्याशिवाय येऊ नकोस. आणि बोलावलं की थांबू नकोस."

मागे ट्रॉलीची चाकं, कुणाची तरी हाक.

मी जोडलेलं वाक्य पाठवलं नाही. माझ्या फोनवरून तिला फोन लावला. लगेच उचलला. "आई?" म्हणाली.

मी तिचं नाव घेतलं.