रक्त न घेता मिळालेला दाखला

प्रति,
मा. अधीक्षक,
मध्यवर्ती कारागृह.

विषय : चुकीचा दाखला परत घेऊन अर्जदाराचे रक्त तपासणेबाबत.
संदर्भ : काविळीच्या विषाणूंसाठी झालेली कैद्यांची तपासणी, दि. ३ व ४.

महोदय,

अर्जदार बराक पाचमधील कैदी असून चार वर्षे न्हावीकाम करतो. ता. ३ रोजी बराकीचे रक्त घेतले, तेव्हा अर्जदार आपल्याच हुकमाने अंगणात दाढ्या करीत होता. डॉक्टरांपुढे कैदी नीटनेटके दिसावेत म्हणून. ता. ४ रोजी कामकऱ्यांच्या रांगेत गेल्यावर कंपाउंडर म्हणाले, "तू बराकीत झालास." बराकीचे हवालदार म्हणाले, "अरे, तू कामकऱ्यांत ना?" दोन्ही याद्यांत नावापुढे बरोबरची खूण आहे. सुई कुठेच टोचलेली नाही.

बराकीतील अकरा जणांच्या रक्तात दोष निघाला. अकराही दाढ्या अर्जदाराच्या हातच्या. दहा जणांमागे पाते एक मिळते. जादा पात्यांसाठीचे तीन अर्ज कार्यालयात आहेतच.

सर्वांची पत्रे लिहून देणारे वयस्क कैदी, ज्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, गेल्या महिन्यात यकृताच्या आजाराने वारले. दाढी करताना त्यांचे डोळे पिवळे दिसले तेव्हा "मास्तर, पिकलात की हो!" अशी थट्टा अर्जदाराने केली. तेही हसले, आणि हनुवटीला कापले. तेच पाते पुसून पुढच्याला लावले. कोणाचे कोणाला गेले ते सांगता येत नाही, पण मधला हात अर्जदाराचा आहे. मास्तर असते तर हा अर्ज त्यांनीच लिहिला असता. चुका पोटात घालाव्यात.

येत्या २० तारखेस अर्जदाराची सुटका आहे. कागदांत "तपासणी झाली, दोष नाही" असा दाखला शिक्क्यासह मिळाला. वडिलांनी कळवले आहे, "तू गेल्यापासून दाढीला कोणाचा हात लागू दिला नाही. २० ला तुरुंगाच्या फाटकाशीच बसतो, तिथेच कर." वस्तरा धरायला त्यांनीच शिकवले. पाते नवे आणता येईल. पण न्हाव्याची बोटे रोज कापतात.

तरी रक्त तपासून खरा निकाल द्यावा व दोष निघाल्यास औषध सुरू करावे. निकाल २० पूर्वी येत नसल्यास सुटका पुढे ढकलावी, व फाटकावर बसलेल्या म्हाताऱ्यास "पोराला काम निघाले" एवढेच सांगावे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
कैदी क्र. ४१७
दि. ११

सोबत : दाखला, मूळ प्रत (परत).